रात्री नऊचा थेंब

किनवटला मास्तरकी करून निवृत्त झालो, त्याच वर्षी डोळ्यांत काचबिंदू निघाला. त्याला आता अकरा वर्षं होतील. तेवढ्या काळात जे ठेचा खाऊन कळलं, ते असं.

१. काचबिंदू पिकत नसतो. माझी माय उंबऱ्याला अडखळायची, दारातली बादली लाथाडायची. आम्ही म्हणायचो, मोतीबिंदू असंल, पिकला की काढू. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत बहुतेकदा आतला दाब वाढून नजरेची नस वाळत जाते, आणि तीही कडेकडेनं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर कुठल्याच औषधानं परत येत नाही. थेंब फक्त उरलेली राखतात. शेवटी मायला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी मी तपासणीला गेलो अठ्ठावन्नाव्या वर्षी, तेही चष्म्याचा नंबर वाढला म्हणून.

२. बाटली कुठून आली ते विचारावं. माझं औषध लॅटानोप्रोस्ट, रात्री एकदाच. बंद बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, उघडलेली २५ अंशांच्या आत. मे महिन्यात किनवटात २५ अंशांची खोली कुणाच्या घरी असते? एकदा दुकानदार सरळ सांगून बसला, "सर, रात्रभर लाईट नव्हती, फ्रिज बंद होता, पण माल चांगला हाय." मी घेतली. पुढच्या तपासणीला १६ वर असलेला दाब २३ निघाला. दोष बाटलीचाच होता हे छातीठोक कोण सांगणार? पण नांदेडच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला. तेव्हापासून बाटली नांदेडहून थर्मासात बर्फाशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणू लागलो. तीन-चार तासांच्या गाडीत शेजारचे प्रवासी त्यात आइस्क्रीम आहे असं समजायचे. घरी लाईट गेली की माठाखालच्या ओल्या वाळूत स्टीलची डबी. पुढं कळलं, फ्रिज न लागणारं लॅटानोप्रोस्टही मिळतं. चिठ्ठी लिहून घेतानाच विचारलं असतं तर!

३. डोळ्याचा थेंब डोळ्यातच राहतो असं नाही. हा धडा मला सर्वांत महागात पडला. पुढं दाब आवरेना म्हणून टिमोलॉल जोडलं. जुनं औषध, अमेरिकेत १९७८ पासून. महिन्याभरात बाजारात चक्कर आली, जिना चढताना धाप. गॅस झाला म्हणून गोळ्या खाल्ल्या. शेवटी नाडी मोजली तर ४८. डोळ्यात मावतं त्याहून थेंब मोठा असतो. उरलेलं औषध आसवांच्या नळीनं नाकात उतरतं आणि तिथून रक्तात जातं. टिमोलॉल हृदयाची गती मंद करतं, दमेकऱ्याचा श्वास आवळू शकतं. बीपीच्या डॉक्टरांना मी सगळ्या गोळ्या सांगितल्या होत्या, थेंब सांगितलेच नव्हते. थेंब म्हणजे काय औषध असतं, असा आमचा समज! ते बंद करून दुसरं दिलं. आता एकच थेंब टाकतो, डोळा मिटतो आणि नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरतो.

४. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यावीत. नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

५. लॅटानोप्रोस्टनं पापण्यांचे केस लांब आणि काळे होतात. माझा एकाच डोळ्यात थेंब होता तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, एकाच डोळ्याला मस्कारा?"

६. डोळे लाल झाले म्हणून शेजाऱ्याचे थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली जाते, आराम पडतो, आणि आत दाब गुपचूप चढतो.

७. नवं काय, हे डॉक्टरांना दर खेपेला विचारतो. नेटार्सुडिलला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं ती जाळीच ते सैल करतं. डोळे मात्र लाल करतं. त्याच्याच जातीचं रिपासुडिल जपानात २०१४ पासून आहे. मला खरी ओढ आहे ती डोळ्यात बसवायच्या औषधाची: बायमाटोप्रोस्टची विरघळणारी बारीक कांडी २०२० मध्ये, ट्रॅव्होप्रोस्टची न विरघळणारी २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाली. महिनोन्‌महिने औषध आतच पाझरतं. घरी फ्रिज नको, थर्मास नको, बोट दाबणं नको. अशी वस्तू आधी आमच्यासारख्या गावांत यायला हवी, पण किमती ऐकल्या की मी आपली डबी वाळूत सरकवतो. ब-३ जीवनसत्त्वानं नस टिकते का, याच्याही चाचण्या चालू आहेत. ते ऐकून एका मित्रानं गोळ्यांचा डबाच आणला होता. मोठ्या डोसानं यकृताला त्रास होऊ शकतो, हे सांगून परत करायला लावला.

८. आजार रक्ताच्या नात्यात फिरतो. मुलगा पुण्यात असतो, गेल्या महिन्यात एकेचाळीसचा झाला. रात्री नऊला मी थेंब घालायला बसतो तेव्हाच त्याचा फोन येतो. कोपरा दाबून, एक डोळा मिटूनच बोलतो. तपासून घेतलंस का रे, म्हणून विचारलं.

"दिसतंय की बाबा व्यवस्थित. दिवाळीनंतर बघू."

मायही असंच म्हणायची, फक्त ती सुगीनंतर म्हणायची.