दोन हात, ठेका एक!

वाचता वाचता एक प्रयोग करा. दोन्ही हातांची तर्जनी समोर धरा आणि गाडीच्या वायपरसारखी एकाच दिशेला हलवा. दोन्ही डावीकडे, मग दोन्ही उजवीकडे. आता वेग वाढवा. थोड्याच वेळात बोटं आपोआप आरशातल्यासारखी हलू लागतात : दोन्ही आत, दोन्ही बाहेर. उलटा बदल मात्र होत नाही! स्कॉट केल्सो यांनी हे प्रयोगाने दाखवलं आणि १९८५ साली हाकेन व बुन्ट्झ यांच्यासोबत त्याचं गणिती मॉडेल मांडलं.

असं का होतं? आधी वाटतं, दोन्ही हातांचे तेच ते स्नायू एकदम चालवणं सोपं असेल. पण २००१ साली फ्रान्झ मेक्सनर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये वेगळंच दाखवलं. एक तळवा वर, दुसरा खाली ठेवला की आरशासारख्या हालचालीला दोन्ही हातांचे वेगवेगळे स्नायू लागतात. तरीही बोटं त्याच हालचालीकडे ओढली गेली. म्हणजे मेंदू जपतो ते जाणवणारं चित्र. स्नायूंनी काय करायचं ते त्यामागून ठरतं.

विल्यम पॉवर्स यांनी १९७३ साली 'बिहेविअर : द कंट्रोल ऑफ परसेप्शन' या पुस्तकात हाच विचार मांडला होता. आपण कृती कंट्रोल करत नाही, जाणीव कंट्रोल करतो.

मेसमधलं ताट घ्या. दोन्ही हातांनी धरलंय, आणि डाव्या बाजूच्या वाटीत कुणी आमटी वाढली. डावा हात लगेच जास्त जोर लावतो, ताट सपाटच राहतं. किती जोर लावला हे तुम्हाला सांगताही येणार नाही!

याचं मॉडेल सोपं आहे. खाली दोन लूप, प्रत्येक आपापल्या हाताची उंची सांभाळणारा. वर एक लूप, दोन्ही उंचींमधला फरक म्हणजेच ताटाचा कल बघणारा. त्याला हवा असतो शून्य. तो स्नायूंना हुकूम देत नाही, खालच्या लूपना फक्त 'इतकी उंची हवी' असं कळवतो. रेक्टर सर वेळ ठरवतात, गेट वॉचमन सांभाळतो, तसंच! साध्या प्रपोर्शनल लूपचा गेन १० असेल, तर गडबडीचा अकरावा हिस्साच उरतो. एरवी ११ मिमीचा कल आला असता, तिथे फक्त १ मिमी.

आता आपल्या तुळजापूरचा संबळ आठवा. दोन जोडलेली वाद्यं, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खालचा, आणि दोन हातांत दोन काठ्या. या मॉडेलच्या नजरेतून पाहिलं तर गोंधळी दोन हातांचा हिशेब ठेवत नाही. त्याचा कान एकच ठेका धरून असतो आणि हात तो ठेका पुरा करतात.

याचा आपल्याला उपयोग काय? दोन हातांचं काम शिकवताना 'हात असा फिरव' एवढंच सांगून भागत नाही. काय दिसायला हवं, काय ऐकू यायला हवं, ते सांगावं लागतं. लेथवर दोन्ही हातांनी दोन चाकं फिरवताना नजर टूलच्या टोकावर हवी. आणि प्रोजेक्टमध्ये दोन मोटारींनी ट्रे उचलायचा असेल, तर दोघींना नुसते ठरावीक अँगल देऊन थांबू नका. ट्रेचा कल सेन्सरने मोजा आणि तो शून्यावर ठेवा. मग वजन कुठेही ठेवा, मोटारी आपलं आपण बघून घेतील!