एक्स-रे स्वच्छ आला आणि माझं कुणी ऐकेना

नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वीतभर वर, एका ठिकाणी बोट दाबलं की मी कळवळायचे. आधी फक्त पळताना दुखायचं, मग जिना उतरताना, मग रात्री अंथरुणात पडल्यावरही. तेव्हा मी शाळेत होते आणि ८०० व १५०० मीटर पळायचे. रोज पहाटे पुण्यातलं सणस मैदान, रविवारी तळजाई टेकडी. घरच्यांना माझं कौतुक होतं, सरांना माझ्याकडून पदकाची आशा होती.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बर्फ लाव. अंग तापलं की मोकळं होईल." बाबांनी एक्स-रे काढून आणला, त्यात काही निघालं नाही. त्या स्वच्छ एक्स-रेने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं दुखण्यानेही केलं नसेल. निवड चाचणी तोंडावर आहे, पोरगी घाबरलीय, असं सर बाबांना म्हणाले आणि बाबांना ते पटलं. मी चाचणी पळाले. शेवटच्या वळणावर पाय टेकवेना. मग एमआरआय झाला आणि हाडाला गेलेली चीर दिसली.

आज मी शाळेत खेळ शिकवते आणि संध्याकाळी मुलामुलींना पळायला घेते. पालकांना पहिल्याच बैठकीत जे सांगते ते इथे लिहिते आहे.

पळताना हाडावर रोज सूक्ष्म ताण पडतो आणि शरीर तो विश्रांतीत भरून काढतं. भरून निघण्यापेक्षा झीज जास्त झाली की बारीक चीर पडते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. म्हणून मूल एका बोटाने नेमकी जागा दाखवत असेल, त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर एक्स-रे कसाही येवो, पळणं थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना पुन्हा भेटा. स्नायू भरून आले तर दुखणं पसरट असतं, एक-दोन दिवसांत ओसरतं. हा फरक दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येतो. माझ्याकडची मुलं तो बरोबर सांगतात.

माझा एमआरआय बघून डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाळ, पाळी शेवटची कधी आली?" आई माझ्याकडे बघत राहिली. पाळी कित्येक महिने बंद होती आणि घरात ती सोयच वाटत होती, स्पर्धेच्या दिवशी कटकट नाही म्हणून. मैदानावर सरांच्या खुर्चीशेजारी वजनकाटा असायचा. दर सोमवारी आम्ही मुली रांगेने त्यावर उभ्या राहायचो आणि आकडे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जायचे. मी रात्रीची भाकरी सोडली होती. वजन उतरलं की शाबासकी मिळायची.

खर्च होते तेवढी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही की शरीर काटकसर करतं. आधी पाळी थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, चिडचिड वाढते, सर्दी-खोकला हटत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला स्वतंत्र नाव देऊन हा त्रास मुलग्यांनाही होतो असं बजावलं. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी पळाली. पुढे ती नायकी कंपनीच्या संघात गेली. तिथे वजन कमी करण्याचा सतत तगादा होता, तीन वर्षं पाळी बंद राहिली आणि पाच हाडं मोडली, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. एवढ्या बड्या कंपनीच्या संघात जे घडू शकतं ते आपल्या गल्लीतल्या मैदानावर घडणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

तेव्हा आयांनो, मुलीची पाळी सलग तीन महिने चुकली किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सराव संपल्यावर लगेच पोटात काहीतरी जायला हवं. शेंगदाणे-गूळ, केळं, दूध, उकडलेलं अंडं, काहीही चालेल. प्रशिक्षक चारचौघांत वजनं वाचत असतील तर ते बंद करा असं त्यांना सांगा. नाही ऐकलं तर मुलीला तिथून काढा. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

औषधांचं आणि पावडरच्या डब्यांचंही सांगते. क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, ती खोकल्याच्या औषधात सर्रास असणाऱ्या टर्ब्युटॅलिनमुळे. चूक नकळत झाल्याचं क्रिकेट मंडळानेही मान्य केलं, बंदी मात्र टळली नाही. खेळणाऱ्या मुलाला साधं सिरपही डॉक्टरांना विचारूनच द्या. जिममधल्या दादाने दिलेला डबा तर घरात नकोच.

प्रशिक्षक निवडताना लोक भिंतीवरचे फोटो आणि पदकं मोजतात. मी म्हणते, संध्याकाळी तासभर मैदानाच्या कडेला उभं राहा आणि दुखापत झालेली मुलं कुठे आहेत ते बघा. चांगल्या गटात ती तिथेच असतात. कुणी चटईवर पोटाचे व्यायाम करतंय, कुणी दुसऱ्यांच्या वेळा टिपतंय, आणि सर येता-जाता त्यांच्याशी बोलतायत. दुसरीकडे ती दिसतच नाहीत, कारण दुखतंय म्हणणाऱ्याला तिथे जागा नसते आणि बाकीची मुलं ते बघून शहाणी झालेली असतात. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी असते का, तेही विचारा.

बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेला एक सोपा हिशेब आहे. आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नसावेत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास पुरतात. सकाळ-संध्याकाळ सराव, वर सुट्टीत शिबिर, असं झालं की तो आकडा कधीच मागे पडतो.

पालकांची ओढाताण मला कळते. दहावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, बुटांचा आणि प्रवासाचा खर्च. पैसा लागला की अपेक्षा वाढते आणि ती पोरांना न सांगताही कळते. स्पर्धेहून परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला त्याच्या चुका ऐकवू नका. तो निसटून जाऊ शकत नाही आणि तुमचा चेहराही त्याला दिसत नाही.

कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. मुंबई क्रिकेट संघटनेने शिष्यवृत्ती दिली, देशभर नाव झालं. पुढे त्याचा सूर हरवला, तेव्हा रिक्षा चालवणाऱ्या त्याच्या वडिलांनी स्वतःच ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. घरात पैशांची गरज असताना हे करायला केवढी छाती लागते! नेमबाज स्वप्नील कुसाळेचे वडील शिक्षक. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलाला फोनही केला नाही. त्याचं लक्ष खेळात राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आपल्या बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक मिळवलं. त्याच्या आदल्या वर्षीच हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तो वैयक्तिक फेरीत आघाडीवर असताना एका नेमाने चौथ्या क्रमांकावर घसरला होता. प्रशिक्षिका दीपाली देशपांडे यांना तो आईच्या जागी मानतो. असा पराभव पचवायला जवळ कुणीतरी असावं लागतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. "मॅडम, आराम दिला तर संघातून नाव कापतील, मग?" डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि त्याची प्रत प्रशिक्षकांना व शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या. बोलणी तुम्ही करा, मुलाला त्यात उभं करू नका. तरी नाव कापलं तर कापू द्या. चौदाव्या वर्षी बुडालेला एक हंगाम भरून निघतो, अर्धवट जुळलेल्या हाडावर पळवलेलं मूल पुन्हा उभं राहीलच असं नाही. आणि उशीर झाला म्हणून सगळं संपत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मॅरेथॉन पळायची. स्टीपलचेसकडे ती पंचविशीच्या आसपास वळली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय महिला पोहोचली ती पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी.