पडद्यामागील हात

संमेलनात नाटक रंगते तेव्हा टाळ्या राजाला आणि विदूषकाला मिळतात. पडदा ओढणारा किंवा मुकुटाला बेगड चिकटविणारा मुलगा कोणाच्या ध्यानातही राहत नाही. चित्रपटाचेही तसेच आहे. म्हणून चित्रपट घडविणारांचेच दर्शन घडविणाऱ्या दोन माहितीपटांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पहिला खुद्द दादासाहेब फाळके यांचा. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. पडद्यावरची हालती चित्रे पाहून लोक थक्क झाले. जादूगार आपली विद्या सहसा उघड करीत नाही. दादासाहेबांनी मात्र १९१७ साली 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढून ती सर्वांपुढे मांडली. नटांना सूचना देणारे, फिल्मची पट्टी डोळ्यांपुढे धरून पारखणारे दादासाहेब त्यात आपल्याला भेटतात. या उद्योगात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचाही मोठा वाटा होता. फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, ही कामे त्या माउलीने केली.

या लघुपटाचा आज काही भागच उरला आहे. त्या काळची फिल्म झटकन पेट घेई, हवेने कुजे. कित्येक रिळे तर त्यांतील चांदीसाठी नष्ट केली गेली. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे वाचले ते यामुळेच.

जे वाचले, त्याची कथा दुसऱ्या माहितीपटात आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा पी. के. नायर यांच्यावरील चित्रपट होय. १९६४ साली पुण्यास स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय नायर यांच्या परिश्रमांनी उभे राहिले. गावोगाव हिंडून त्यांनी रिळे गोळा केली. फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटाचे विखुरलेले तुकडे मिळवून जुळविले. त्यात बाळकृष्ण झालेली मुलगी म्हणजे दादासाहेबांची कन्या मंदाकिनी. ते तुकडे जुळले नसते, तर तिचा तो खेळकर कृष्ण आपणांस दिसता ना.

एकाने कला निर्माण केली, दुसऱ्याने ती सांभाळली. दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आम्हांस व्यर्थ वाटतो. सांभाळणारा नसेल तर निर्मात्याचे नावच तेवढे उरते. तेव्हा मुलांनो, यंदाच्या नाटकाची वही, छायाचित्रे आणि पडदा ओढणाऱ्याचे नावसुद्धा नीट जपून ठेवा.