वाळवण निर्वात पेटीतले

वाळवणे म्हणजे तापवणे, असे आपण सहज धरून चालतो. घरातला अनुभव मात्र निराळा आहे. पापड-कुरडया कडक उन्हात घालतात, पण मेथीची पाने सावलीत वाळवतात. उन्हात ती लवकर वाळतील खरी, पण त्यांचा रंग आणि वास दोन्ही उडून जातील. पाणी जावे पण गुण राहावा, हा सावलीतल्या वाळवणाचा हेतू. हेच काम कारखान्यात जी पेटी करते तिला निर्वात शुष्कन भट्टी म्हणतात. कामगारांच्या बोलण्यात ती ‘व्हॅक्यूम ओव्हन’ असते. मोशीच्या एका अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत, तर इंद्रायणीपलीकडे चाकण. त्यामुळे असे शब्द आमच्या कानांवरून रोज जातात. कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही त्यांचा अर्थ कळावा, या हेतूने मी हा विषय निवडला आहे.

प्रथम तत्त्व पाहू. ‘पाणी १०० अंशांना उकळते’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य समुद्रसपाटीपुरते खरे आहे. तेथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. मोशी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सुमारे ७० अंशांना. दाब जितका कमी, तितके पाण्याला वाफ होऊन निसटणे सोपे. स्वयंपाकघरातील कुकर याच्या उलट वागतो. तो दाब वाढवून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत नेतो. निर्वात भट्टी म्हणजे जणू उलटा कुकरच. तिच्यातील दाब ५५ मिलिमीटरवर आणला, की पाणी ४० अंशांना उकळू लागते. एवढी उष्णता तर वैशाखातल्या दुपारीही असते!

रचना समजण्यास अवघड नाही. जाड पोलादी पेटी, तिच्या दाराला हवाबंद रबरी पट्टी, आत तापवता येणारे कप्पे, बाहेर हवा खेचणारा पंप, दाब दाखवणारी तबकडी आणि शेवटी हवा आत सोडण्यासाठी एक झडप. निर्वातात उष्णता वाहून नेण्यास हवा नसते, म्हणून मालाचे ट्रे कप्प्याला सपाट टेकलेले असावे लागतात. उष्णता तर हवीच, कारण ४० अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५७५ कॅलरी लागतात. बाहेरून ती मिळाली नाही, तर पाणी ती मालातूनच ओढून घेते आणि माल थंड होत जातो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने.

पंप आणि पेटी यांच्यामध्ये एक थंड भांडे बसवलेले असते. त्याची गरज एका आकड्यावरून ध्यानात येईल. १०० अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. ५५ मिलिमीटर दाबाखाली तीच वाफ सुमारे १९.५ लिटर होते. एवढी वाफ ओढता ओढता पंप थकून जाईल आणि त्याचे तेलही बिघडेल. म्हणून ती वाटेतच गार करून तिचे पुन्हा पाणी केले जाते. काम संपल्यावर झडप हळूहळू उघडून हवा आत घेतात. अर्धा मीटर लांब-रुंद दारावर बाहेरची हवा मोशीच्या उंचीवर सुमारे २४०० किलो भाराने रेटत असते. हवा आत घेतल्याशिवाय ते दार कोणा पहिलवानालाही उघडणार नाही.

आता उपयोग. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या औषधासाठी देश परकीयांवर अवलंबून होता, ते आपल्या शेजारी बनू लागले. पण पेनिसिलिन हे नाजूक द्रव्य. फार उष्णतेने ते बिघडते आणि पाण्यात राहिले तर त्याचा रेणूच हळूहळू तुटतो. म्हणूनच इंजेक्शनच्या कुपीत कोरडी भुकटी असते आणि पाणी आयत्या वेळी मिसळतात. अशा औषधांतील उरलासुरला ओलावा मंद आचेवर काढण्यासाठी औषधनिर्मितीत निर्वात शुष्कनाचा आधार घेतात. भुकटीत ओल राहिली, तर त्याची किंमत शेवटी रोगी मोजतो.

दुसरा उपयोग यंत्रांच्या दुनियेतला. रोहित्राच्या गुंडाळीभोवती कागदाचे आवरण असते. त्यात ओल राहिली तर विजेला नको ती वाट मिळते, आणि फार तापवले तर कागदच ठिसूळ होतो. म्हणून तेल भरण्यापूर्वी गुंडाळी निर्वातात वाळवतात. धुतलेल्या सुट्या भागांच्या आंधळ्या भोकांत अडकलेले पाणीही याच रीतीने निघते.

दाब ४.६ मिलिमीटरहूनही खाली नेला आणि माल आधीच गोठवला, तर बर्फ न वितळता थेट वाफ होतो. गोवराची लस अशाच गोठण-शुष्कनाने टिकवतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट ती तयार करते.

ही विद्या आपल्या शाखेच्याही कामाची आहे. १९७८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाणी शिरले. भिजलेली सुमारे ५० हजार पुस्तके आधी गोठवली गेली आणि मग एका मोठ्या निर्वात कक्षात वाळवली गेली. ओले पुस्तक उन्हात टाकले तर पाने वाकतात, शाई पसरते. तसेच ठेवले तर बुरशी येते. गोठवल्याने मात्र सवड मिळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, ते आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. मोडी दप्तरांनी भरलेल्या या प्रदेशात अशा प्रसंगी काय करावे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असायला हवे.

अर्थात, हे वाळवण महाग आणि वेळखाऊ आहे. कांदा किंवा गहू यांसाठी ते कोणी वापरणार नाही. तेथे ऊन फुकट आणि पुरेसे आहे. उष्णतेने जे नासेल आणि नासल्यास जे परत मिळणार नाही, अशाच वस्तूंसाठी हा खर्च योग्य ठरतो. मेथी सावलीत घालणाऱ्या गृहिणीनेही हाच विचार केलेला असतो.