अपुरे घर आणि सातपुड्यातील थंडी



लूक 14:28-30 मध्ये बुरुज बांधणाऱ्याचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घातल्यावर काम अडते आणि लोक हसतात. नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांवर दिवाळीनंतर अशी अपुरी घरे मी पुष्कळ पाहतो. मात्र ही माणसे हिशेबात चुकलेली नसतात. घरकुलाचा हप्ता कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतो. पावसाळ्यात वाट चिखलाची, म्हणून वीट-वाळू वर पोहोचत नाही. काम रंगात येते तोच ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघायची वेळ होते. मागे राहतात म्हातारी माणसे, नातवंडे आणि छप्पर नसलेल्या भिंती.

डाब-तोरणमाळच्या उंच भागात डिसेंबर-जानेवारीत कधी कधी पहाटे दव गोठते. अशा रात्री मला निर्गम 22:26-27 आठवते. गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण गरिबाला रात्री अंगावर घ्यायला तेवढेच असते. घर पुरे कधी होईल हा प्रश्न नंतरचा. आजच्या रात्रीचे काय, हा पहिला. तो मनात ठेवून पुढील गोष्टी आपण शिकू आणि शिकवू.

1. जुने घर आधी पाडू नये. नव्या घरावर छप्पर चढेपर्यंत कुडाची एक खोली तरी उभी ठेवावी. कुडाला शेणमातीने पुन्हा लिंपले की फटींतून येणारा वारा थांबतो.

2. जुने पाडलेच असेल, तर नव्या घराची एकच खोली आधी राहण्याजोगी करावी. तिच्यावर पत्रे किंवा जुनी कौले घालावीत. दार-खिडकीच्या मोकळ्या जागी बांबूचा तट्टा बांधावा. जमिनीवर पेंढा पसरून वर गोधडी टाकली म्हणजे खालून गारठा लागत नाही.

3. उघड्या भिंतींचा माथा ताडपत्रीने झाकून दगड ठेवावेत. हिवाळ्यात अवकाळी पाऊस येतो. मातीत रचलेल्या विटांच्या सांध्यांत पाणी शिरले तर भिंत खचते.

4. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळ्यांवर रचून झाकाव्यात. ओल लागून गठ्ठे झालेले सिमेंट बांधकामाला वापरू नये.

5. थंडीत सिमेंट सावकाश धरते. म्हणून ऊन चढल्यावर काम सुरू करावे, कमीत कमी 7 दिवस पाणी मारावे आणि संध्याकाळी ओल्या कामावर गोणपाट किंवा पेंढा घालावा. स्लॅबचे टेकू गवंड्याला विचारल्याशिवाय काढू नयेत. गावी जायची घाई असेल, तर स्लॅब परत आल्यावरच टाकलेला बरा.

6. ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताडपत्रीने खोली बंद झाली की आत पेटती शेगडी ठेवून झोपू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेले माणूस जागेच होत नाही. शेक घेऊन झाला की शेगडी बाहेर न्यावी आणि छपराखाली हवेसाठी फट ठेवावी. हे आजीबरोबर घरातल्या मोठ्या नातवंडालाही सांगावे, कारण रात्री शेगडीजवळ तेच असते.

प्रियांनो, आपल्या मंडळ्या ख्रिस्तजयंतीला कांबळी पाठवतात, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण तोवर थंडीचे कितीतरी दिवस सरलेले असतात. कांबळी आणि ताडपत्री दिवाळीपूर्वी, कुटुंबे ऊसतोडीला निघण्याआधी पोहोचली, तर घरची कर्ती माणसे स्वतःच्या हाताने खोली बांधून, झाकून जातील. तिकडे फडात त्यांना रात्री थोडी निश्चिंत झोप लागेल.

मनन व चर्चेसाठी:
• आपल्या मंडळीची मदत कोणत्या महिन्यात निघते? ती कोणत्या महिन्यात लागते?
• आपल्या ओळखीत कोणाचे घर अपुरे आहे? आज रात्री तिथे कोण झोपले आहे?