जामखेडचा धडा

ख्रिस्ती वैद्यकीय सेवेचा विषय निघाला की मिरजेच्या वॉन्लेस रुग्णालयाचे नाव प्रथम घेतले जाते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील वाड्यांसाठी मात्र आम्हांस जामखेडचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात कार्य आरंभिले. मुलांचे जुलाब व कुपोषण यांचे मूळ पाण्यात, अन्नात आणि जातिभेदातही आहे, हे ओळखून त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक निरक्षर होत्या. हातपंप दलित वस्तीत बसविले, तेव्हा सर्वांनाच तेथे पाण्यास यावे लागले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

अडचण हिशेबाची आहे. खाटा, शस्त्रक्रिया, क्ष-किरण यांना अहवालात रकाने असतात. न झालेल्या जुलाबास रकाना नसतो. यंत्रासाठी देणगी मिळते, त्यावर नावाची पाटीही लागते. सेविकेचे मानधन कोणाच्या नावे लिहावे? आहुप्याहून घोडेगावी येण्यात मजुरी बुडते, म्हणून रुग्ण दुखणे विकोपास गेल्यावरच येतो. अशा वाड्यांतील सेविकांसाठी स्वतंत्र निधी असावा, अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळास व सन्माननीय देणगीदारांस करीत आहोत.