फी वडिलांची, गुण कोणाचे?

प्रश्न : अमेरिकेत गणितात पीएच.डी. करताना मी कॅल्क्युलसचा वर्ग घेते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ईमेलने त्याचे गुण विचारलेत. फी तेच भरतात, मग सांगायला काय हरकत?
— एक वाचक

उत्तर : फी भरल्याने हा हक्क मिळत नाही. पालकसभांची सवय असलेल्या आपल्याला हे खटकणं स्वाभाविक आहे. पण तिथे १९७४ चा ‘फेर्पा’ कायदा आहे. मुलगा विद्यापीठात दाखल झाला की, अठरा पूर्ण नसले तरी, शैक्षणिक नोंदींवरचे हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात.

करासाठी मुलगा वडिलांवर अवलंबून असल्याचं दाखवलेलं असेल, तर विद्यापीठ माहिती देऊ शकतं. मात्र तसं बंधन नाही. तो निर्णय रजिस्ट्रार कार्यालयाकडे सोपवा आणि निर्धास्त व्हा. वडिलांना नम्रपणे तेवढंच कळवा. मुलगा वर्गाला येतो का, हेही सांगू नका. परीक्षेच्या तारखा, गुण देण्याची पद्धत असं सर्वांसाठी जाहीर केलेलं खुशाल सांगा.

खरी चूक बहुधा दुसरीकडेच होते. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दाराबाहेर ठेवू नका. गुणांची यादीही लावू नका, नावांऐवजी विद्यार्थी क्रमांक असले तरी.

विद्यार्थ्याच्या जिवाला धोका वाटला, तर मात्र विद्यापीठाला लगेच कळवा. अशा वेळी हा कायदा आड येत नाही.